नदीला भिंती बांधण्याआधी गावातला पाऊस गावात थांबवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत सध्या नदी सौंदर्यीकरणाचे प्रस्ताव एकामागून एक तयार होत आहेत आणि त्यांच्या बातम्या आम्ही आपल्या दैनिकात वाचत असतो. बहुतेक प्रस्तावांचा आराखडा सारखाच असतो. पात्र खोल करायचे, दोन्ही काठांना सिमेंटची संरक्षक भिंत उभारायची, भिंतीलगत गट्टूंची पायवाट करायची, तिच्यावर दिवे आणि बाके लावायची, आणि निधी उरला तर एखादा घाट बांधायचा. नदी स्वच्छ असावी, तिच्या काठावर संध्याकाळी चार माणसांना बसता यावे, या इच्छेला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही, माझाही नाही. परंतु गावाच्या छपरांवर, रस्त्यांवर आणि ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्त्यांत, जो पाऊस पडतो त्याचे काय करायचे, याचा विचार या आराखड्यांत आढळत नाही. ते पाणी लवकरात लवकर नदीत ढकलायचे आणि नदीने ते लवकरात लवकर खाली न्यायचे, एवढेच त्यांत गृहीत धरलेले असते. नदी जिवंत करणे आणि पावसाचे पाणी अडवणे ही दोन वेगळ्या खात्यांची, वेगळ्या निधीची कामे नसून एकच काम आहे, आणि त्याची सुरुवात नदीपात्रात न होता गावाच्या वरच्या अंगाला व्हायला हवी, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी वर्धा जिल्ह्यात, अशाच एका तालुक्याच्या गावाच्या खालच्या अंगाला शेती करतो. गावाची नदी आमच्या शिवारातून पुढे जाते, त्यामुळे गाव नदीत जे सोडते ते सर्वांत आधी आमच्याकडे येते. पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात काळे पाणी येते आणि या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे दिवाळीनंतर रब्बीला पाण्याची खरी गरज असते तेव्हा, काहीच येत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच नदीतून माघ महिन्यापर्यंत घोट्याएवढी धार वाहत असे आणि काठच्या विहिरींवर गहू-हरभरा निघत असे. पाऊस तेव्हाही साधारण एवढाच पडत होता. नदीच्या दोन्ही अंगांची जमीन मात्र बदलली आहे.

आपल्याकडे सरासरीने वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो पन्नासेक दिवसांत पडतो, आणि त्यांतल्याही आठ-दहा मोठ्या पावसांत त्याचा मोठा वाटा उतरून जातो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. समजा, चाळीस हजार लोकवस्तीच्या गावात घरे, रस्ते आणि फरसबंद अंगणे मिळून २०० हेक्टर जागा झाकली गेली आहे. तिच्यावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तर १० कोटी लिटर पाणी होते आणि त्यातले पाचवा हिस्सा वजा जाता ८ कोटी लिटर पाणी नाल्यांवाटे नदीकडे धावते. मलनिस्सारण योजना नसलेल्या गावासाठी माणशी रोज ७० लिटर पाण्याचा निकष धरला जातो. त्या हिशेबाने हे एका तासाचे पाणी अख्ख्या गावाला चार आठवडे पुरेल इतके आहे. आणि हेच पाणी तासाभरात निघून जायचे म्हटले तर नदीला सेकंदाला २२ घनमीटर जादा पाणी वाहून न्यावे लागते. त्याच २०० हेक्टरांवर पूर्वी शेती, पडीक आणि आमराया होत्या तेव्हा यातले बरेचसे पाणी बांधाबांधाला अडत असे आणि जे वाहून येई तेही सावकाश येई. आता ते एकाच वेळी येते. म्हणूनच ज्या गावांत पूर्वी तीन दिवसांच्या झडीनंतर पूर येई, तिथे आता दीड तासाच्या पावसात वस्तीत पाणी शिरते.

भिंतींनी हे थांबेल असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि भिंत जिथे बांधली त्या दोन-तीनशे मीटरपुरते ते कधी कधी थांबतेही. पण भिंत बांधताना पात्र बहुधा अरुंद केले जाते, कारण पायवाटेला जागा नदीकडूनच घेतली जाते. अरुंद आणि गुळगुळीत पात्रातून पाणी जास्त वेगाने जाते आणि भिंत संपते तिथे तो सगळा वेग मातीच्या काठावर आदळतो. आमच्या गावात भिंत झाली तेव्हापासून तिच्या खालच्या टोकाचा काठ दरवर्षी ढासळत गेला आहे. कपाशीच्या दोन-तीन ओळींइतकी जमीन प्रत्येक पावसाळ्यात खरडून जाते, रपटा (नदीवरचा ठेंगणा पूल) दोनदा वाहून गेला, आणि पांदण रस्ता आता नदीच्या कडेला येऊन टेकला आहे. खरडलेल्या जमिनीचा पंचनामा होतो, थोडीबहुत मदतही मिळते, पण गेलेली काळी माती परत येत नाही. दुसऱ्या बाजूला, भिंतीमागच्या सखल वस्तीतले पाणी नदीत जायला वाट राहत नाही, कारण नदी भरलेली असते आणि भिंतीतली भोके गाळाने बुजलेली असतात. भिंतीपलीकडच्या घरांत शिरलेले पाणी पूर ओसरल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहते.

नागपूरने याचा मोठा अनुभव घेतलेला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी हजारो घरांत शिरले. माणसे दगावली. नाग नदीसाठी केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत १९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा प्रकल्प मंजूर आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. त्याचा भर मुख्यतः सांडपाणी अडवून शुद्ध करण्यावर आहे, आणि ते काम अत्यंत गरजेचे आहे, कारण नागचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते व त्याचा त्रास भंडारा जिल्ह्यातले लोक कित्येक वर्षे भोगत आहेत. पण त्या पहाटे जे आले ते पावसाचे पाणी होते. सांडपाण्याचा प्रश्न सुटला तरी पावसाचा प्रश्न शिल्लक राहतो, हे नागपूरसारख्या शहरात घडले, तर जिथे नगर परिषदेकडे एकच अभियंता असतो तिथे काय होईल?

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण आपण आज जे करू पाहत आहोत ते त्यांनी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी केले. १९३८ च्या मोठ्या पुरानंतर त्यांनी सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या आपल्या नदीचे बहुतांश पात्र काँक्रीटमध्ये बांधून काढले. पूर आवरला, पण पाऊस थेट समुद्रात जाऊ लागला आणि शहर मात्र शेकडो किलोमीटरवरून कालव्यांनी पाणी आणतच राहिले. तिथला वार्षिक पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी आहे. आता तिथे त्याच नदीच्या पुनरुज्जीवनाबरोबर पावसाचे पाणी मुरवण्याची कामे हाती घेतली जात आहेत, आणि २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी एक कर स्वतःवर लावून घेतला, जो पाणी न मुरणाऱ्या फरसबंद जागेच्या क्षेत्रफळावर आकारला जातो. सिंगापूरनेही कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून टाकला आणि २०१२ मध्ये तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी उद्यानातून वाहती केली, जिच्या काठच्या हिरवळीवर पावसात पाणी पसरते आणि मग ओसरते. ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रे भरपूर होती त्यांनाही काँक्रीट काढावे लागत असेल, तर आपण ते घालण्याची घाई करू नये.

आपल्याला मात्र एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेले तलाव, आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी उतार पाहून ते बांधले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्याही खालच्या बोडीत (छोट्या तळ्यात), आणि शेवटी उरलेले पाणी नदीत, अशी त्यांची रचना असे. नदीपर्यंत पोचण्याआधी पावसाला अनेक ठिकाणी थांबावे लागे, म्हणून पूर सौम्य येई आणि धानाला दोन पाणी जास्त मिळत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढण्याची गावाची जबाबदारी संपली आणि सरकारची सुरू झाली नाही. आमच्या बाजूला तलावांची अशी साखळी नसली तरी प्रत्येक जुन्या गावाला एखादे गावतळे, गुरांचा आखर आणि ई-क्लासची, म्हणजे गुरचरणासाठी राखलेली सरकारी, पडीक जमीन होतीच. त्यातले गावतळे आज अर्धे बुजले आहे, त्यात कचरा पडतो, आणि ई-क्लासवर कधी बसस्थानक, कधी गाळे, कधी अतिक्रमण उभे आहे.

पाणी कुठे आणि कसे थांबवायचे, हे मातीवर अवलंबून आहे, म्हणून एकच नकाशा सगळ्या विदर्भाला लावता येणार नाही. आमच्या भागात वर काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे. काळी माती एकदा फुगली की तिच्यातून पाणी फार हळू खाली जाते. पाणी साठते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. त्यामुळे काळ्या मातीतच संपणारा हातभर खोलीचा शोषखड्डा काही दिवसांत डबके होऊन बसतो. तोच खड्डा मुरमापर्यंत नेला, त्यात दगड, गिट्टी आणि वाळू भरली आणि पाणी आधी एका छोट्या टाक्यात निवळू दिले, तर तो वर्षानुवर्षे काम करतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या त्या गावांत, जमिनीतलेच पाणी खारे असल्याने मुरवलेले गोडे पाणी हाती लागत नाही. तिथे ते शेततळ्यांत, टाक्यांत आणि बंधाऱ्यांत वरच साठवले पाहिजे. कूपनलिकेत रस्त्यावरचे पाणी थेट सोडण्याचा प्रकार मात्र कुठेही करू नये. त्याने तेल, शेण आणि गटारातली घाण भूजलात उतरते आणि ती बाहेर काढण्याचा कोणताच सोपा उपाय नाही.

गावात जागा नाही, असे नेहमी सांगितले जाते. आमच्या तालुक्याच्या गावात एकेका जिनिंगच्या (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) शेडचे छप्पर दोन हजार चौरस मीटरच्या आसपास आहे. अशा एका छपरावर वर्षभरात १६ लाख लिटर पाणी सहज गोळा होऊ शकते. बाजार समितीचे लिलाव शेड, गोदामे, शाळा, महाविद्यालये, तहसील कार्यालय, बसस्थानक, मंगल कार्यालये यांची छपरे मोजली तर गावाच्या एकूण छपरांचा बराच भाग पंधरा-वीस जागांत आटोपतो, आणि त्यांतल्या बहुतेक जागा सरकारी किंवा निमसरकारी आहेत. तिथून सुरुवात करायला कोणाची संमती गोळा करत बसावे लागत नाही. शाळेचे क्रीडांगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर खोल ठेवले तर मोठ्या पावसात ते काही तास पाणी धरते आणि दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा खेळतात. ले-आऊटमधली खुली जागा, जी नियमाने सोडावीच लागते, सखल कोपऱ्यात ठेवली तर तीच पावसाचे पाणी थांबवण्याची जागा होते. प्रत्यक्षात मात्र ती ज्या कोपऱ्यात प्लॉट विकला जात नाही तिथे सोडली जाते आणि तिच्यावर भर टाकून मंदिर किंवा समाजमंदिर बांधले जाते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पाऊस संकलनाची तरतूद आहे. ती अमलात आणायची तर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी कोणीतरी जाऊन पन्हाळीचे पाणी खरोखर खड्ड्यात जाते का, हे पाहायला हवे.

थांबवलेल्या पाण्यात डास होतील ही काळजी रास्त आहे, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत. पण मुरण्यासाठी ठेवलेले पाणी दोन-तीन दिवसांत उतरेल अशीच रचना करायची असते, आणि कायम पाण्याच्या तळ्यात गप्पी मासे सोडता येतात. डेंग्यूचा डास साठवून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि इतर डासांची मोठी पैदास होते ती आपल्या उघड्या नाल्यांत आणि भिंतीमागे तुंबलेल्या गटारांत.

इथे सांडपाण्याचा विषय येतो आणि तो टाळून नदीचे काहीच करता येणार नाही. आमच्या गावांत पावसाची नाली आणि घरातल्या मोरीची नाली एकच आहे. त्यामुळे पावसाचे पाणी नदीत पोचते तेव्हा ते सांडपाणीच झालेले असते, आणि असे पाणी अडवून ठेवले तर साठते ती घाण. म्हणून पाऊस वस्तीतल्या नालीत मिसळण्याआधीच, छपरावर, अंगणात आणि ले-आऊटच्या कोपऱ्यात, धरणे हाच शहाणा मार्ग आहे. मोरीच्या पाण्यासाठी प्रत्येक नाल्याच्या मुखाशी निवळण टाकी आणि पाणवनस्पतींचे वाफे यांसारखी, विजेवर फार अवलंबून नसलेली व्यवस्था करता येते. छोट्या नगर परिषदांना मोठे शुद्धीकरण केंद्र बांधण्यापेक्षा ते चालवणे जड जाते. वीजबिल थकले की यंत्र बंद पडते आणि पाणी पुन्हा नदीत जाऊ लागते.

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा नदी स्वच्छ करण्यासाठी हजारो नागरिक पात्रात उतरले आणि त्यांनी जलपर्णी काढली. त्या मोहिमेचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर आणि साचलेल्या पाण्यावर. सांडपाणी येत राहिले आणि हिवाळ्यात वाहते पाणी नसले तर ती काढली तरी पुन्हा पसरते. नदीला हिवाळ्यात वाहते पाणी मिळते ते दोन्ही काठांच्या जमिनीत पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यातून. जुलैमध्ये जे पाणी आपण गावातून हाकलून लावतो, तेच जानेवारीत नदीला हवे असते. पात्र कितीही खोल केले तरी हे पाणी निर्माण होत नाही. उलट, काही ठिकाणी यंत्रांनी पात्र मुरमाच्या खालपर्यंत खरवडल्यामुळे काठच्या विहिरींतलेच पाणी नदीत उतरून वाहून गेल्याची तक्रार शेतकरी करतात, आणि ती तपासल्याशिवाय खोलीकरणाचे नवे अंदाजपत्रक करू नये.

गाळ काढायला माझा विरोध नाही. गावतळ्याचा गाळ काढून शेतात टाकला तर दोघांचेही भले होते, आणि राज्याच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत त्याची सोय आहे. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी लागणारा मुरूम आणि माती तलाव व नाल्यांच्या खोलीकरणातून घेतली गेली, त्यातून रस्ताही झाला आणि साठवणही वाढली. आपल्या भागात रस्त्यांची कामे सतत चालू असतात. त्यांना मुरूम हवा तेव्हा टेकडी फोडण्याऐवजी बुजलेले गावतळे दाखवावे.

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. नदीच्या कोणत्याही कामाची निविदा काढण्याआधी गावाच्या वरच्या अंगापासून पाण्याचा प्रवाह कसा येतो, कुठे थांबू शकतो आणि खाली कुठे जातो, याचा एक साधा नकाशा करावा आणि तो नगर परिषदेच्या दारावर लावावा. जलसंपदा विभागाच्या पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, छोट्या नद्यांवरही आखाव्यात आणि त्यांचे दगड प्रत्यक्ष जमिनीवर रोवावेत, म्हणजे तिथे प्लॉट घेणाऱ्या गरीब माणसाला आपण काय विकत घेतो आहोत हे कळेल. भिंत अपरिहार्य असेल तिथे ती बांधावी, पण निधीचा निम्मा भाग तरी वरच्या तळ्यांवर, सरकारी छपरांवर आणि खुल्या जागांवर खर्च झाल्याशिवाय भिंतीचे देयक काढू नये. एवढी एक अट जिल्हा नियोजन समितीला घालता येईल.

शेवटची विनंती खालच्या गावांसाठी आहे. आजवर नदीच्या कामाची प्रत्येक बैठक नगर परिषदेच्या सभागृहात झाली आणि तिला नदीच्या खालच्या अंगाच्या एकाही ग्रामपंचायतीला बोलावले गेले नाही. नदी नगर परिषदेच्या हद्दीत संपत नाही. येत्या उन्हाळ्यात आराखडा अंतिम होण्याआधी खालच्या ग्रामपंचायतींना बोलावून एक बैठक घ्यावी. आमच्या शिवारातले शेतकरी मागच्या पुरांच्या पाणखुणा, खरडलेल्या जमिनींचे सातबारे आणि आपापल्या विहिरींची पाणीपातळी लिहून आणायला तयार आहेत. आपल्या दैनिकाने ही मागणी नगर परिषदेपर्यंत आणि जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पोचवावी, ही विनंती.

आपला,
नदीकाठचा एक शेतकरी वाचक,
जि. वर्धा